देवीचं नाव, जपानी अक्षर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माहूरला तीन शिखरं आहेत. एकावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तप्रभू, तिसऱ्यावर अनसूयामाता. आमच्या भागात घरोघरी ही नावं सापडतात. घरात रेणुका नसेल तर दत्ता असतो, दत्ता नसेल तर अनुसया असते, आणि नवसाचा मुलगा असेल तर त्याचं नाव परशुराम. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या नावांविषयीच. पण गडावरच्या नव्हे, कागदावरच्या नावांविषयी.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. मुलगी आमच्याच भागातली. नाव देवीचंच. पुण्यात जपानी भाषा शिकली आणि नोकरीसाठी जपानला गेली. म्हणाली, "काका, इथं बँकेत खातं काढायचंय. फॉर्मवर माझं नाव त्यांच्या अक्षरांत लिहायला सांगतात. आतापर्यंत तीन ठिकाणी तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं. यातलं खरं कोणतं धरायचं?"

मी म्हटलं, "अगं बाळा, मला कुठं जपानी येतं?"

"ते माहीत आहे. पण आजीच्या कागदांचं तुम्हीच सोडवलं होतं ना!"

आजीच्या कागदांची गोष्ट अशी. आजीचं नावही देवीचंच होतं. तिच्या नावावर थोडी जमीन होती. जुनं खरेदीखत मोडीत, निजामी अमदानीतलं सेतवार उर्दूत आणि नंतरचा सातबारा देवनागरीत. सातबाऱ्यावर 'रेणुका'. मोडीत 'रेणूका', कारण मोडी लिहिणारे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. उर्दू कागद ज्यांनी वाचून दिला, त्यांनी उतरवलं 'रीनोका'. उर्दू लिपीत ए आणि ई यांना बहुधा एकच अक्षर, ऊ आणि ओ यांनाही एकच आणि 'ण' तर नाहीच. झालं! रेणुका, रेणूका आणि रीनोका या तीन बाया की एकच, असा प्रश्न उभा राहिला. तिन्ही कागद शेजारी ठेवून, नवऱ्याचं नाव, गट आणि चतुःसीमा जुळवून ती एकच बाई आहे हे दाखवायला बरेच दिवस लागले. तोवर आजी गेली होती.

माहूरकरांना ही गोष्ट नवी नाही. आमची नावं कितीतरी लेखण्यांखालून गेली आहेत. अकबराच्या काळी 'ऐन-इ-अकबरी' लिहिला गेला, त्यात वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून माहूरची नोंद आहे. ती फारसीत. माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई १६६१ साली उंबरखिंडीत मोगली फौजेबरोबर शिवाजी महाराजांपुढे उभी होती. तिला औरंगजेबानं दिलेला किताब 'रायबागन'. आज इतिहासाच्या पुस्तकात सावित्रीबाई शोधावी लागते, रायबागन मात्र चटकन सापडते. पुढं निजामाचं राज्य आलं. १८८४ साली हैदराबाद संस्थानात फारसी जाऊन उर्दू सरकारी भाषा झाली. आमचा किनवट-माहूरचा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे शेजारची लिपी तेलुगू. राज्यपुनर्रचनेत आम्ही नांदेडला आलो आणि देवनागरी सरकारदरबारी बसली. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगाव मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, हे तुम्ही पाहिलंच आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं नाव कसं उतरवलं, यावर आजच्या पोराचा दाखला अडतो.

म्हणून त्या मुलीचा प्रश्न मला परका वाटला नाही. मी पुस्तकं मिळवली, जाणकारांना विचारलं आणि शिकत गेलो. जे कळलं ते सांगतो.

जपानी लिहिताना एकाच ओळीत तीन लिप्या वापरल्या जातात. पहिली कांजी, म्हणजे चीनमधून आलेली चिन्हं. यातल्या प्रत्येक चिन्हाला अर्थ असतो. दुसरी हिरागाना, गोलसर वळणाची. तिसरी काताकाना, टोकदार आणि सुटसुटीत. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही आपल्या बाराखडीसारख्या, उच्चार दाखवणाऱ्या. एक खूण म्हणजे एक अक्षर: का, कि, कु, के, को. जपानी मूळ शब्दांचे प्रत्यय हिरागानात, आणि परदेशी शब्द व परदेशी नावं काताकानात, अशी आजची वहिवाट आहे. त्यामुळं जपानी माणसाला नाव वाचायच्या आधीच, नुसत्या अक्षराच्या वळणावरून कळतं की हा माणूस बाहेरचा आहे.

आता गंमत पाहा. काताकाना घडवली ती नवव्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंनी. चिनी पोथ्या वाचताना ओळींच्या मधे उच्चार टिपून ठेवायचे असत. जागा थोडी, वेळ थोडा. म्हणून त्यांनी अख्खं चिन्ह न लिहिता त्याचा एक तुकडा घेतला. 'काता' म्हणजे अर्धवट, तुकडा. आपल्या रेणुकेचं नाव काताकानात लिहिलं तर तीन खुणा होतात: रे, नु, का. यातला 'रे' आला तो आदब, वंदन अशा अर्थाच्या चिन्हाच्या उजव्या बाजूतून. 'नु' आला दास या अर्थाच्या चिन्हातून. आणि 'का' आला मिळवणे, भर घालणे या अर्थाच्या चिन्हाच्या डाव्या बाजूतून. आज हे अर्थ कुणाच्या मनात येत नाहीत, उरला आहे तो फक्त उच्चार. पण कुणी हौसेनं हेच नाव मूळ चिन्हांत लिहू गेलं तर मधे 'दास' येऊन बसेल! कांजीत नाव लिहायचं तर उच्चाराबरोबर अर्थही निवडावा लागतो, तो असा.

या अक्षरांचा क्रम ऐकाल तर आणखी नवल वाटेल. जपानी मूल आधी पाच स्वर म्हणतं: आ, इ, उ, ए, ओ. मग ओळी येतात त्या अशा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेशेजारी ठेवून बघा. क-वर्ग, मग च-वर्गाच्या जागी 'सा', मग त, न, मग प-वर्गाच्या जागी 'हा', मग म, य, र, व. जुन्या जपानीत 'सा'चा उच्चार च-त्सच्या जवळचा आणि 'हा'चा उच्चार 'पा' होता, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे जागा बरोबर बसतात. हा योगायोग नाही. मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून जपानी भिक्षू 'सिद्धम्' लिपी शिकत. ही आपल्या ब्राह्मीच्याच वंशातली लिपी. कूकाई नावाचे आचार्य ८०४ साली चीनला गेले, ८०६ साली परतले आणि त्यांनी कोयासान डोंगरावर मठ स्थापला. त्यांच्यासारख्यांनी ही विद्या तिथं रुजवली. पुढं अकराव्या शतकात जपानी अक्षरं या भारतीय क्रमानं मांडली गेली. तेव्हा आपली रेणुका जपानी तक्त्यात आपलं नाव शोधते, तेव्हा ती एका अर्थी आजोळीच आलेली असते.

भारतीय माणसाचं नाव जपानीत लिहिण्याचा प्रसंगही जुना आहे. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला. ७५२ साली नारा इथल्या तोदाइजी मंदिरात बुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्याच हातून झाला. तेव्हा काताकाना नव्हती. त्याचं नाव चार कांजी चिन्हांत लिहिलं गेलं आणि जपानी लोक ते 'बोदाइसेन्ना' असं वाचतात. 'बोधि'साठी बौद्ध ग्रंथांतली रुळलेली जोडी घेतली. 'सेन'साठी निवडलेल्या चिन्हांपैकी एकाचा अर्थ ऋषी, सिद्धपुरुष. आपल्याकडं सेन म्हणजे सैन्यवाला, तिकडं तो ऋषी झाला!

देवांच्या बाबतीत त्यांनी आणखी वेगळी वाट धरली. सरस्वती जपानमध्ये पूजली जाते ती 'बेन्झाइतेन' या नावानं. वाणी आणि प्रतिभा यांची देवता, असा त्याचा अर्थ. लक्ष्मी झाली 'किचिजोतेन', म्हणजे मंगल देणारी देवता. इथं उच्चार सोडला, अर्थ ठेवला. तेव्हा परकं नाव घ्यायचे मार्ग दोन. कानावर पडलं तसं घ्यायचं, नाहीतर अर्थ समजून घ्यायचं. भक्तांनी देवाला दुसऱ्या मार्गानं घेतलं, कचेरी माणसाला पहिल्या मार्गानं घेते.

आता आपल्या तीन शिखरांकडं येऊ. काताकानाचे बहुतेक नियम आमच्या देवांच्या नावांवरच शिकता येतात.

रेणुका सगळ्यात सोपी. तीन खुणा, काम झालं. 'ण'चा 'न' होतो, पण ते उर्दूतही झालंच होतं. प्रश्न उरतो दीर्घ स्वरांचा. 'रे' आणि 'का' आपण लांबवून म्हणतो. काताकानात स्वर लांबवायला एक आडवी रेघ असते. अभ्यासक रेघा घालून 'रेऽनुकाऽ' लिहितील, कचेरीतला माणूस बिनरेघेचं 'रेनुका' लिहील. त्या मुलीला तीन तऱ्हा दिसल्या त्या इथंच: एकानं दोन रेघा घातल्या, एकानं एक, तिसऱ्यानं एकही नाही.

दत्ताचं नाव जपानीत फार नीट बसतं. जोड-अक्षरातला पहिला 'त्' दाखवायला ते एक लहानशी खूण मधे घालतात आणि 'दात्ता' तयार होतं. अनसूयेला मधे एक रेघ लागते: 'आनासूया'. परशुरामाच्या 'शु'साठी 'शि'च्या खालच्या बाजूला बारीक 'यु' लिहितात. दोन खुणा मिळून एक अक्षर. आपल्या जोडाक्षराचाच हा प्रकार.

पण गाडी अडते ती नुसत्या व्यंजनापाशी. जपानीत 'न्' सोडला तर कोणतंही व्यंजन स्वराशिवाय उभं राहू शकत नाही. म्हणून जमदग्नीच्या 'ग्'ला 'उ' चिकटतो आणि तो 'जामादागुनि' होतो. डॉ. आंबेडकरांचं आडनाव जपानी पुस्तकांत छापलं जातं ते 'आन्बेऽदोकारु' असं. 'ड'चा 'दो' झाला, शेवटच्या 'र'चा 'रु' झाला. ज्या कोयासानवर कूकाईंनी सिद्धम् लिपीची विद्या रुजवली, तिथल्या विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. बाराशे वर्षांपूर्वी इथली अक्षरं त्या डोंगरावर गेली, आता इथलं नाव गेलं. आणि माहूर? जपानीत 'हु' नाही, 'ह'च्या ओळीत त्या जागी ओठांतून फुंकर घातल्यासारखा 'फु' आहे. त्यामुळं आमचं गाव तिकडं 'माफूरु' होतं. 'ल' आणि 'र' यांतही भेद नाही, म्हणून लता तिकडं 'राता' होते.

हसण्यासारखं आहे खरं. पण हा नुसता हसण्याचा विषय नाही. जपानमध्ये परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणं रोमन लिपीत असतं, पण बँकेचे व्यवहार काताकाना नावावर चालतात. पैसे पाठवणाऱ्यानं लिहिलेलं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही, तर रक्कम अडते. एक रेघ इकडची तिकडं आणि पगार लटकला. त्यात आपली आणखी एक भर असते. आपल्या पासपोर्टवर मुलीच्या नावापाठोपाठ वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. जपानी कारकून ते सगळं मिळून तिचंच नाव धरतो. मग दवाखान्यात पुकारा होतो तो कधी कधी नवऱ्याच्या नावासकट!

खरा प्रश्न उच्चाराच्या पुढचा आहे. नाव कोणी निवडायचं? विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज खलाशी १६०० साली जपानला लागला. त्याला नाव मिळालं 'मिउरा आन्जिन', म्हणजे मिउराचा नावाडी. त्याचं मूळ नाव बाजूला पडलं, आमच्या सावित्रीबाईसारखंच. लाफ्काडिओ हर्न या लेखकानं १८९६ साली जपानी नागरिकत्व घेतलं. तो पत्नीच्या घरात दाखल झाला आणि कोइझुमी याकुमो झाला, पण आपल्या मनानं. पुढंही कितीतरी वर्षं नागरिकत्व घेणाऱ्यांनी जपानी धाटणीचं नाव घ्यावं असा सरकारी आग्रह असे. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर तो सैल झाला. आता अट इतकीच की नाव काताकानात, हिरागानात किंवा ठरवून दिलेल्या कांजी चिन्हांत असावं.

या मोकळिकीचा उपयोग एका मराठी माणसानं फार सुंदर केला. योगेंद्र पुराणिक हे आपल्या महाराष्ट्रातले. जपानला गेले, तिथं स्थिरावले आणि २०१२ साली जपानी नागरिक झाले. २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागाच्या निवडणुकीला उभे राहिले. या विभागात निशी-कासाई परिसरात भारतीयांची मोठी वस्ती आहे. पण बहुतेक भारतीयांना तिथं मत नाही, मतदार जपानीच. आणि जपानी मतपत्रिकेवर आपल्यासारखी चिन्हं नसतात, शिक्का मारायचा नसतो. मतदारानं पेन्सिलीनं उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं! नाव अडखळत लिहिलं, चुकीचं लिहिलं, तर मत वाया जाण्याची भीती. आता 'पुराणिक' काताकानात होतं 'पुरानिकु' आणि 'योगेंद्र' होतं 'योगेन्दोरा'. नऊ खुणा, त्याही परकेपणाची पाटी लावणाऱ्या लिपीत.

पुराणिकांनी काय केलं? प्रचारासाठी नाव घेतलं 'योगि', आणि तेही हिरागानात. दोनच अक्षरं: यो आणि गि. गोल वळणाची, शाळकरी पोरालाही लिहिता येतील अशी, आणि लिपी घरगुती. ६,४७७ मतदारांनी ती दोन अक्षरं हातानं लिहिली. पुराणिक पाचव्या क्रमांकानं निवडून आले. पुढं ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. नुसत्या लिपीमुळं निवडून आले असं मी म्हणत नाही, त्यामागं वर्षानुवर्षांचं काम होतं. पण आपलं नाव लोकांच्या हातानं कसं लिहिलं जाईल, हे त्यांनी स्वतः ठरवलं. कारकुनावर सोडलं नाही.

आपणही परक्या नावाला असंच चाळणीतून काढतो, हेही विसरू नये. नागपूरचे भदंत सुरेई ससाई सगळ्यांना ठाऊक आहेत. जन्म १९३५ सालचा, जपानमधला. नागपुरात राहून धम्माचं काम केलं आणि भारतीय नागरिक झाले. त्यांचं जपानी नाव 'शूरेई'. आमच्या वर्तमानपत्रांनी त्याचं 'सुरेई' केलं. वास्तविक आमच्याकडं 'शू' आहे, चांगला दीर्घ आहे. पण कुणीतरी पहिल्यांदा तसं लिहिलं आणि तेच रूढ झालं. टोकियोचंही तसंच. जपानी माणूस 'तोऽक्योऽ' म्हणतो. आपल्याकडं 'त' असून आपण 'ट' लिहितो, कारण ते नाव इंग्रजीच्या वाटेनं आलं. तेव्हा ज्या लिपीत अक्षर नाही तिचा नाइलाज असतो, पण ज्या लिपीत अक्षर असून चुकतं, तिथं फक्त विचारायचं राहून गेलेलं असतं.

त्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, "खरं कोणतं हे कुणी तुला सांगायचं नाही. मोठ्यानं आपलं नाव म्हण, त्यांच्या मास्तरांना लिहायला सांग, वाचून दाखवायला सांग. जे कानाला आपलं वाटेल ते पक्कं कर. आणि मग बँक, दवाखाना, भाड्याचं घर, सगळीकडं तेच एक ठेव. एक रेघही बदलू नकोस."

तिनं बिनरेघेचं 'रेनुका' ठेवलं. म्हणाली, "तीन अक्षरं, काका. देवीचं नाव म्हणताना आपण काही लांबण लावत नाही, पटकन हाक मारतो."

तिनं एक वही केली आहे. पहिल्या पानावर आपलं नाव देवनागरीत, रोमनमध्ये आणि काताकानात, खाली तारीख. आजीच्या वेळी अशी वही कुणी केली नव्हती. तिला विचारलंच नव्हतं कुणी. तुमच्याही घरात जुने कागद असतील. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, कोणत्या कागदावर कोणाचं नाव कसं लिहिलं आहे ते विचारा आणि आजच्या अक्षरांत टिपून ठेवा. पुढं जपानला जाणाऱ्या नातीलाही ते उपयोगी पडेल.